स्प्लेंडर, एचएफ डिलक्सचे १३० मिमी ब्रेक शू: कोणता संच घ्यावा, घरी कसा बसवावा

ड्रम ब्रेकमध्ये झिजायला दोनच गोष्टी असतात: शूवरचं लायनर आणि चाकाच्या हबमधला बिडाचा ड्रम. शू म्हणजे आतून ड्रमवर टेकून चाक थांबवणारे दोन अर्धगोल तुकडे, आणि लायनर म्हणजे त्यांच्यावरचा झिजणारा थर. लायनर काही शे रुपयांत बदलतं. ड्रम मात्र हबमध्येच ओतलेला असतो. तो गेला की स्पोकच्या चाकात नवा हब टाकून सगळे स्पोक पुन्हा ओढून चाक बांधावं लागतं, आणि अलॉय व्हील असेल तर आख्खं चाक बदलायची वेळ येते. त्यामुळे शू किती किलोमीटर टिकला यापेक्षा त्याने ड्रम किती राखला, हे आम्ही आधी बघतो. दोन वर्षं न झिजणारा शू बरेचदा ड्रम खाऊन तेवढा टिकलेला असतो.

इथे स्प्लेंडर प्लस आणि एचएफ डिलक्स या ड्रम ब्रेकच्या गाड्यांचे शू घेतले आहेत. दोन्हींना पुढे-मागे १३० मिमीचे ड्रम येतात. दुकानात नुसतं "शंभर सीसीचा शू द्या" म्हणू नये. प्लॅटिना १०० आणि शाइन १०० यांना पुढे १३० आणि मागे ११० मिमीचा ड्रम आहे, एक्सएल १०० ला दोन्हीकडे ११०. ११० आणि १३० ची गल्लत लगेच दिसते. पण १३० मिमीच्याच दोन वेगळ्या गाड्यांचे शू घेतले तर अँकर पिनची (शूचं एक टोक जिच्यावर टेकतं ती पिन) खाच, कॅमकडच्या (शू फाकवणाऱ्या दांड्याकडच्या) टोकाची जाडी, लायनरची रुंदी यांत फरक निघू शकतो, आणि तो घरी चाक उघडल्यावर कळतो. गाडीचं मॉडेल, वर्ष आणि पुढचा की मागचा हे सांगून घ्यावा. सगळ्यांत चांगलं म्हणजे आधी चाक उघडून जुना शू सोबत न्यावा आणि काउंटरवरच नव्यावर ठेवून बघावा. त्यासाठी दुकानापर्यंत दुसऱ्याच्या गाडीवर जावं लागेल, तरी ती खेप वाया जात नाही.

काउंटरवर साधारण तीन प्रकारचा माल येतो. पहिला गाडीच्या कंपनीचा, सीलबंद पाकिटातला. त्यावर पार्ट नंबर, एमआरपी, पॅकिंगचा महिना आणि होलोग्राम असतो. दुसरा ब्रेकच बनवणाऱ्या नावाजलेल्या कंपन्यांचा, त्यांच्या स्वतःच्या पाकिटात. एएसकेसारख्या कंपन्या दुचाकी बनवणाऱ्यांनाही शू पुरवतात आणि बाजारातही विकतात. तिसरा बिननावाचा: प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन शू, दोन स्प्रिंगा, वर एक रंगीत कागद. आमचा कौल सरळ आहे. पहिला किंवा दुसरा, यातला जो खात्रीच्या दुकानात पक्क्या बिलावर मिळेल तो घ्या. दोघांत उन्नीस-बीसचाच फरक आहे. तिसरा फुकट दिला तरी घेऊ नका.

छत्रपती संभाजीनगरच्या आसपास आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. वाळूजच्या एमआयडीसीमुळे सुट्या भागांचे कारखाने इथे दाराशी आहेत. त्यामुळे "कंपनीचाच माल आहे, फक्त पाकीट नाही" हे वाक्य पटकन खरं वाटतं. कारखान्यातून पाकिटाशिवाय बाहेर आलेला शू खरोखर तिथलाच असला, तरी तो तपासणीत नापास झालेला नाही याचा पुरावा कुणाकडे नसतो. आरशाच्या दांड्याला किंवा साइड पॅनेलला हे चालून जाईल. ब्रेकला चालत नाही.

पाकीट कोणतंही असो, शू हातात घेऊन बघायचाच. शूचं अंग ॲल्युमिनियमचं ओतीव असतं. त्याला भोकं, फुगवटे, कडेला ओतकामाची धार राहिलेली नको. लायनर आणि ॲल्युमिनियम यांच्या सांध्यावरून नख फिरवा. नख कुठेही अडकलं किंवा बारीक फट दिसली तर तो संच परत द्या. दुचाकीच्या शूवर लायनर रिव्हेटने ठोकलेलं नसतं, उष्णता आणि दाब देऊन चिकटवलेलं असतं. ही चिकट सुटली की लायनरची पट्टी ड्रम आणि शूच्या मध्ये पाचरीसारखी अडकते आणि चालत्या गाडीचं चाक जागीच जाम होतं. हलक्या शूचं सगळ्यांत वाईट दुखणं हेच. ब्रेक कमी लागणं त्याच्या मानाने बरं.

मग जाडी. नव्या लायनरची जाडी साधारण ४ मिमी असते. व्हर्नियर (सरकत्या जबड्याची मोजपट्टी) असेल तर दोन्ही शू तीन-तीन ठिकाणी मोजा, दोन टोकांना आणि मधोमध. एका शूवर ४ आणि दुसऱ्यावर साडेतीन असेल तर ब्रेक एका बाजूनेच धरेल. लायनरमध्ये पितळेचा किंवा तांब्याचा बारीक कण दिसणं वावगं नाही. लोखंडाचे मोठे चमकदार तुकडे मात्र ड्रमवर चर पाडतात. अँकर पिनवर बसणारी अर्धगोल खाच आणि कॅमवर बसणारं सपाट टोक हे दोन्ही गुळगुळीत हवेत. स्प्रिंगांची वेटोळी एकमेकींना घट्ट चिकटलेली असावीत. रिकाम्या स्प्रिंगेच्या वेटोळ्यांतून उजेड दिसत असेल तर ती ताणलेली आहे. अशी स्प्रिंग ब्रेक सोडल्यावर शू पुरता मागे ओढत नाही, आणि चाक कायम घासत राहतं.

पाकिटावर "ॲस्बेस्टॉस फ्री" छापलेलं असावं. जुन्या आणि हलक्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि त्याची धूळ फुप्फुसात कायमची बसते. म्हणूनच ड्रम उघडल्यावर आतली काळी पूड फुंकू नये, कॉम्प्रेसरच्या हवेने तर मुळीच उडवू नये. नाकाला मास्क बांधावा, ओल्या फडक्याने पूड पुसून घ्यावी आणि ते फडकं टाकून द्यावं.

जुन्या शूवर नवं लायनर चिकटवून देणारे कारागीर तालुक्याच्या गावी अजून आहेत. जीप, टेम्पो, ट्रॅक्टर यांच्या मोठ्या, रिव्हेटच्या शूला ते काम चांगलं होतं आणि पैसेही वाचतात. दुचाकीच्या शूला नको. तिथे भट्टीतला ताप आणि सारखा दाब लागतो, नुसता डिंक आणि शिकंजा पुरत नाही. वाचणारे पैसेही किरकोळ.

बदलायची वेळ झाली का, हे चाक न उघडता कळतं. ब्रेक आर्मच्या (रॉड किंवा केबल जिला ओढते त्या बाहेरच्या दांडीच्या) मुळाशी कॅमवर एक बारीक बाण असतो आणि ब्रेक प्लेटवर (शू धरणाऱ्या झाकणावर) खूण असते. पेडल पूर्ण दाबून बाण खुणेला टेकला तर लायनर संपलं, रॉडच्या टोकाचा ॲडजस्टिंग नट कितीही शिल्लक असला तरी. उघडून मोजलं आणि २ मिमी किंवा त्याहून कमी भरलं तरीही बदला.

इथे एका वाईट सवयीबद्दल सांगायलाच हवं. नट संपला की बरेच जण आर्म काढून कॅमच्या खाचांवर एक-दोन दात मागे बसवतात आणि ब्रेक पुन्हा "लागायला" लागतो. खरं तर शू झिजलेलाच राहतो, फक्त कॅम आणखी फिरवला जातो. कॅम म्हणजे एक चपटा दांडा, तो फिरून शू फाकवतो. तो प्रमाणाबाहेर फिरला तर आडवा होऊन अडकतो आणि ब्रेक सोडला तरी सुटत नाही. शिवाय ब्रेक लागताना रॉड आणि आर्म यांच्यात साधारण काटकोन असला तर पायाचा जोर पुरा पोचतो. कोन त्याहून उघडला की पाय जितका दाबाल तितका ब्रेक लागत नाही. बाणाची पट्टी कॅमच्या रुंद खाचेतच बसते, त्यामुळे आर्म सरकवला तरी बाण खरंच सांगतो. आर्म कुणी सरकवलेला असेल तर कॅमच्या टोकावरची ठिपक्याची खूण आर्मवरच्या खुणेशी जुळणार नाही. तो आधी जागेवर आणा, मग बाण बघा.

घरी बसवायला सामान फार लागत नाही. १० ते १९ पर्यंतचे रिंग पाने किंवा गोट्या (सॉकेट), पक्कड, चपटा स्क्रू ड्रायव्हर, हातोडी आणि लाकडाचा ठोकळा, कानस, ८० नंबरचा पॉलिश पेपर, ब्रेक क्लीनरचा डबा, जास्त तापमानाला टिकणारं थोडं ग्रीस आणि एक नवी काटापिन. जुनी काटापिन सरळ करून पुन्हा घालू नका, ती वाकवलेल्या जागी तुटते. नवख्याला मागच्या चाकाला दीड-दोन तास लागतील. घाई नसलेल्या दिवशी, सपाट फरशीवर काम करा. शेणाने सारवलेल्या अंगणात वायसर हरवला की सापडत नाही.

गाडी डबल स्टँडवर घ्या आणि पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वीट लावा. मागचा ॲडजस्टिंग नट पूर्ण काढा, पेडल दाबून रॉड आर्मच्या पिनेतून मागे ओढा. पिन आणि रॉडवरची स्प्रिंग लगेच रॉडवरच परत घालून नट हलका लावून ठेवा, म्हणजे काही हरवत नाही. मग ब्रेक प्लेटला धरणारा स्टे: काटापिन काढून नट, वायसर, रबर जसे निघतील तसे ओळीने मांडा. या स्टेचं काम फार मोठं आहे. ब्रेक लागताना ड्रम सगळी प्लेट फिरवू बघतो, तिला हा एक दांडा अडवून धरतो. तो सैल राहिला तर पहिल्याच जोरदार ब्रेकला प्लेट गरकन फिरते आणि रॉड वाकतो.

एक्सलचा नट सोडण्याआधी चेन ॲडजस्टरच्या दोन्ही बाजूंच्या खुणा मोजून लिहून ठेवा. नट काढा आणि एक्सल ठोकळ्यावरून हातोडीने हलका ठोकत बाहेर घ्या. एक्सल निघताना ब्रेक प्लेटकडचा कॉलर (एक्सलवरची आखूड नळी) खाली पडेल, तो कोणत्या तोंडाने बसला होता ते बघून ठेवा. चेन आणि मागचं स्प्रॉकेट काढायची गरज नाही. या गाड्यांत स्प्रॉकेटचा भाग स्लीव्ह नटवर फोर्कलाच अडकून राहतो, चाक फक्त हब रबरातून (हब आणि स्प्रॉकेट यांच्यामधल्या रबरांतून) सुटून बाजूला येतं. स्लीव्ह नटला हात लावला नाही तर चेन जशी होती तशीच राहते. चाक बाहेर काढताना गाडी थोडी कलवावी लागते, तेवढ्यापुरता दुसरा माणूस जवळ असावा. हब रबर हातासरशी तपासा. चिरलेली, चेपलेली असतील तर आत्ताच बदला, पुन्हा एवढं उघडणं होत नाही.

पुढच्या चाकाला स्टे नसतो, पण प्लेटवर खाच असते आणि ती फोर्कच्या नळीवरच्या दांड्यात बसते. परत लावताना ही खाच चुकली की प्लेट मोकळी राहते, म्हणजे मागचा स्टे सैल राहण्याचाच धोका, तोही पुढच्या चाकाला. मीटरची केबल आणि तिच्या गिअरची चाकाशी जुळणारी खाचही नीट बसवा, नाहीतर नट आवळताना ती चेपते.

प्लेट हातात आली की शू काढायची रीत सोपी आहे. दोन्ही शू बाहेरच्या कडांना धरा आणि पुस्तक मिटल्यासारखे मध्ये दुमडत वर उचला. स्प्रिंगांचा ताण आपोआप सैल होतो. स्क्रू ड्रायव्हरने स्प्रिंग उचकटायला गेलात तर ती उडते, डोळ्यापर्यंतही. काही गाड्यांत अँकर पिनवर पत्रा आणि काटापिन असते, ती आधी काढा. स्प्रिंगांचे हुक कोणत्या बाजूला वळलेले होते त्याचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा.

आता सगळ्यांत दुर्लक्षित भाग: कॅम. "शू नवा टाकला तरी ब्रेक मऊच" किंवा "ब्रेक लागला की सुटत नाही" या तक्रारींच्या मुळाशी बऱ्याचदा शू नसतो, गंजलेला कॅम असतो. पांदणीतून, ओढ्या-नाल्यातून गाडी गेली की कॅमच्या भोकात पाणी शिरतं. काळ्या मातीचा गाळ आत वाळतो आणि त्याचा दगड होतो. आर्मचा बोल्ट काढा, खुणा बघून आर्म, बाणाची पट्टी आणि फेल्टची चकती उतरवा, कॅम आतून ढकलून बाहेर काढा. गंज पॉलिश पेपरने घासून काढा, प्लेटचं भोक फडक्याने साफ करा. कॅम बोटांनी फिरवल्यावर लोण्यासारखा फिरला पाहिजे, पण भोकात हलता कामा नये. हलत असेल तर प्लेटचं भोक झिजलंय आणि प्लेट बदलावी लागेल. फेल्टची चकती तेलात बुडवून पिळून परत घाला. ग्रीस कॅमच्या दांड्याला, कॅमच्या दोन चपट्या बाजूंना आणि अँकर पिनला, बोटाला लागेल इतकंच. दोन्ही शूंना मिळून हरभऱ्याच्या दाण्याएवढं पुरे. जास्त ग्रीस तापून पातळ होतं आणि लायनरवर उतरतं. लायनरने ते एकदा पिऊन घेतलं की जाळून, घासून, धुऊन काहीही उपयोग होत नाही, संच फेकावाच लागतो.

ड्रम तपासल्याशिवाय नवा शू घालू नये. हबच्या आत किंवा कडेला कमाल व्यास कोरलेला असतो. १३० मिमीच्या ड्रमची मर्यादा १३१. व्हर्नियरने काटकोनात दोन ठिकाणी व्यास मोजा. दोन मापांत फरक आला तर ड्रम लांबट झालाय. असा ड्रम पेडलवर धकधक देतो. स्पोकच्या चाकात असं दिसलं तर आधी स्पोक तपासा, काही आवळलेले आणि काही सैल असले तरी हब ओढला जातो. ड्रमच्या तोंडाशी जिथे शू पोचत नाही तिथे एक उंचवटा उरतो. तो नखाला ठळक लागत असेल तर नवं रुंद लायनर त्यावर चढून बसतं आणि ब्रेक अर्धवटच धरतो. उंचवटा थोडा असेल तर पॉलिश पेपरने घासा, जास्त असेल तर ड्रम लेथवर घ्या, पण १३१ च्या आत राहूनच. खोल चर असतील तर कोणताही शू तिथे वर्षभर धड चालणार नाही. ड्रमच्या आतून तिरप्या-उलटतिरप्या रेषा उमटतील असा ८० नंबरचा पेपर फिरवा, चकाकी गेली की थांबा. मग ब्रेक क्लीनर फवारून स्वच्छ फडक्याने पुसा. रॉकेल, डिझेल वापरू नका, त्यांचा तेलकट थर मागे राहतो. ड्रममध्ये ओलसर ग्रीस दिसलं तर ते बेअरिंगच्या सीलमधून आलेलं असतं. सील न बदलता नवे शू घालणं म्हणजे तेही महिन्याभरात घालवणं.

नव्या शूच्या दोन्ही टोकांची लायनरची धार कानशीने दोन-तीन मिमी तिरपी करा. काही संचांत ती आधीच केलेली असते, त्या संचाला आम्ही चार गुण जास्त देतो. चौकोनी धार ड्रमला कुरतडते, ब्रेक हिसका देतो आणि चिरचिर वाजतो. हात स्वच्छ धुऊनच शू धरा. स्प्रिंगा दोन्ही शूंत अडकवून शू पुन्हा पुस्तकासारखे दुमडा, टोकं अँकर आणि कॅमवर टेकवा, मग दोन्ही बाजूंनी एकदम खाली दाबा. चटकन बसतात. नव्या शूसोबत जुन्या स्प्रिंगा वापरू नका. संचात स्प्रिंगा नसतील तर त्याच वेळी वेगळ्या घ्या.

प्लेट हबमध्ये ठेवली की ती कडेपर्यंत बसली पाहिजे. वर राहिली तर ठोकू नका. कॅम पूर्ण मिटला नसेल, ड्रमचा उंचवटा अडत असेल किंवा शू चुकीच्या मापाचा असेल, तिन्हीपैकी एक निघेलच. मग चाक, हब रबर, कॉलर, एक्सल, स्टे आणि नवी काटापिन, चेनच्या खुणा पूर्वीइतक्याच. एक्सलचा नट हाताने टेकवल्यावर ॲडजस्टिंग नट लावून पेडल जोरात दाबून धरा, आणि तसंच धरून एक्सलचा नट पक्का आवळा. दाबलेले शू प्लेटला ड्रमच्या बरोबर मध्यावर आणतात. ही एक गोष्ट केली की दोन्ही शू सारखे टेकतात. न केल्यास एकाच शूचा एकच कोपरा घासत राहतो आणि दोष शूच्या माथी येतो.

मागच्या पेडलचा झोल (ब्रेक धरायच्या आधीची मोकळी हालचाल) २० ते ३० मिमी ठेवा, पुढच्या लिव्हरचा टोकाशी १० ते २० मिमी. नट फिरवताना त्याचा गोलाकार खोबणीचा भाग पिनेवर नीट बसतोय ना ते प्रत्येक वेळी बघा, अर्धवट बसला तर पहिल्या ब्रेकला तो बसतो आणि झोल एकदम वाढतो. चाक हाताने फिरवा. मधूनच सूं आवाज आला तर हरकत नाही, नवे शू थोडे टेकतातच. पण चाक एका फेरीत थांबत असेल तर नट अर्धा फेरा सोडा. पेडल थोडं दाबताच मागचा दिवा लागला पाहिजे, स्विचचा नट फिरवून ते जमवा.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही ब्रेक जोडून चालवणारी व्यवस्था किंवा एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं. स्प्लेंडरवर याला आयबीएस म्हणतात: मागचं पेडल दाबलं की एका केबलने पुढचा ब्रेकही थोडा लागतो. अशा गाडीत मागचं काम झाल्यावर पुढचंही चाक उचलून तपासा. पेडल दाबल्यावर पुढचा आर्म हलला पाहिजे, आणि सोडल्यावर पुढचं चाक मोकळं फिरलं पाहिजे. पुढे झोल कमी ठेवला तर पुढचा शू सतत घासतो आणि मालकाला वाटतं गाडीचं ॲव्हरेज इंजिनमुळे पडलं.

नव्या शूला ड्रमशी जुळायला वेळ लागतो. मोकळ्या रस्त्यावर ताशी ३०-४० वरून १० पर्यंत, चाक न लॉक करता, पंधरा-वीस वेळा ब्रेक लावा आणि दर वेळी मध्ये थोडं अंतर जाऊ द्या. पहिले दोन-अडीचशे किलोमीटर जड ओझं आणि घाट टाळा. युरियाची एक पिशवी ४५ किलोची. दोन पिशव्या आणि चालवणारा, एवढ्यावर नवा शू पहिल्याच दिवशी तापवला तर लायनरचा वरचा थर काचेसारखा चकचकीत होतो आणि मग तो धरतच नाही. असं झालंच तर शू काढून पेपरने चकाकी उतरवता येते, पण लायनर जळून करपट वास येत असेल तर बदलाच.

घाटाचं एक गणित इथल्या गाड्यांना लागू पडतं, मग तो कन्नडचा घाट असो, मांजरसुंब्याचा की येडशीचा. ड्रम तापला की फुगतो. १३० मिमी व्यासाचा बिडाचा ड्रम १०० अंशांनी तापला तर व्यास साधारण ०.१४ मिमीने वाढतो. ॲल्युमिनियमचा हब बिडापेक्षा जास्त फुगतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडा अधिकच. ऐकायला ते फार वाटत नाही, पण शूला तेवढं जास्त फाकावं लागतं आणि पेडल खाली जातं. डिस्क ब्रेकला हे असं होत नाही. घाट उतरून खाली चहाला थांबल्यावर पेडल खाली गेलंय म्हणून तिथेच नट आवळू नका. ड्रम थंड झाला की आकसतो आणि आवळलेला ब्रेक चाकाला धरून बसतो. अर्धा तास गार होऊ द्या, तरीही झोल जास्त असेल तरच आवळा. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनचा आधार घ्या, ब्रेक सतत दाबून धरण्याऐवजी थोडा जोरात लावून सोडत उतरा.

पावसाळ्यात ओढा ओलांडल्यावर पहिले एक-दोन ब्रेक लागत नाहीत. ड्रममधलं पाणी बाहेर जायला वाट कमी असते. पुढे रस्ता मोकळा असेल तिथे हलका ब्रेक धरून पन्नास-शंभर मीटर चालवा, उष्णतेने पाणी वाळतं. चिखलातून रोज जाणाऱ्या गाडीचा ड्रम पावसाळा संपला की एकदा उघडून पुसावा, शू बदलायचे नसले तरी. वाळलेल्या गाळाचे कण लायनरमध्ये रुतून बसतात, आणि मग चांगल्या शूनेही ड्रमवर चर पडतात. त्याच वेळी कॅमला ताजं ग्रीस द्या.

चेनला तेल घालणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. गाडी बाजूला कलवून, फिरत्या चेनवर भरपूर ओतलेलं तेल उडून चाकावर येतं आणि तिथून हबच्या फटीत शिरतं. नवे शू घातल्यावर महिन्याभरातच ब्रेक मऊ पडला तर आधी हे तपासा, मग दुकानदाराला बोला.

बसवल्यानंतर पहिल्या शंभर किलोमीटरनंतर आणि पुन्हा पाचशेला झोल मोजा. नवं लायनर ड्रमच्या गोलाईला जुळताना सुरुवातीला भराभर झिजतं, त्यामुळे दोन वेळा एक-दोन फेरे आवळावे लागतात. त्यानंतर महिनोन् महिने फारसा फरक पडत नाही. पाचशेनंतरही दर आठवड्याला नट आवळावा लागत असेल तर लायनर मऊ आहे, किंवा ड्रम पेपरने घासताना खडबडीतच राहिला आहे. चाक उघडून काळी पूड किती साचली ते बघा. पूड भरपूर आणि ड्रम गुळगुळीत असेल तर दोष शूचा आहे, बिल घेऊन संच बदलून मागा.